टर्बो ‘जातो’ म्हणजे नक्की काय होतं? रोज धुळे–जळगाव करणाऱ्या पिकअपच्या निमित्ताने



पेट पास झालेले बरेच जण सध्या विषय ठरवायच्या धावपळीत आहेत. समितीसमोर विषय मांडताना एक प्रश्न हमखास येतो: ‘तुम्ही ज्याला कारण म्हणताय, ते कारणच आहे कशावरून? तो परिणामही असू शकतो ना?’ संशोधन पद्धतीच्या पुस्तकात हा भाग वाचताना झोप येते. गॅरेजमध्ये तोच भाग मस्त समजतो. म्हणून आज उदाहरण घेतलंय डिझेल पिकअपच्या टर्बोचं. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना याचा थेट उपयोग होईल, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना निदान कारण-परिणाम वेगळे करायचा सराव मिळेल.

आपल्याकडे पिकअप म्हणजे फक्त केळी आणि कापूस वाहणारी गाडी नाही. एरंडोल, पारोळ्याकडून रोज जळगावला किंवा धुळ्याला नोकरीला येणारे, डबल केबिनमध्ये चार सहकारी बसवून डिझेल वाटून घेणारे, पहाटे बाजार समितीत माल उतरवून तीच गाडी घेऊन ड्युटीवर जाणारे असे कितीतरी लोक या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (आपल्या तोंडी अजून ‘हायवे सहा’च) दिसतात. अशा माणसाच्या गाडीचा टर्बो गेला की खर्च पाच आकडी होऊ शकतो, आणि गाडी उभी राहते त्या दिवसांची मजुरी किंवा रजा वेगळी. ‘टर्बो गया भो’ हे तीन शब्द ऐकून महिन्याचं गणित कोलमडलेली घरं मी पाहिलीत.

पण ‘टर्बो गेला’ हे निदान नाहीच. ‘माणूस गेला’ हे जसं आजाराचं नाव नाही, तसंच हे. टर्बो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्याने जातो, आणि ते दुखणं गाडीतच राहिलं तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. या लेखात मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळा तपशील आहे, पण मजा त्या तपशिलातच आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल नीट जळतं आणि लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. टर्बो कमजोर पडला की गाडी ‘उठत’ नाही. आपल्या भाषेत पिकअपला पिकअप राहत नाही.

आता आकडे बघा. पिकअपचं डिझेल इंजिन मिनिटाला फार तर चार-साडेचार हजार फेरे घेतं. टर्बोचा शाफ्ट जोर असताना दीड-दोन लाख फेरे घेतो. ४५ मिलिमीटर व्यासाचं चक्र १,८०,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या पात्याच्या टोकाचा वेग काढा: परीघ गुणिले सेकंदाला ३,००० फेरे. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ४२४ मीटर. ध्वनीचा वेग ३४५ च्या आसपास. म्हणजे पात्याचं टोक आवाजापेक्षा वेगाने पळतंय. या चक्राच्या एका बाजूला बाहेरची हवा आहे, आणि जवळच दुसऱ्या बाजूला चढावर सहा-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला धूर.

हा शाफ्ट कशावर टेकतो? पिकअपसारख्या गाड्यांत सहसा बॉल बेअरिंगवर नाही. पितळी-कांस्य बुश असतात आणि शाफ्ट व बुश यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. गाडी चालू असताना धातू धातूला टेकतच नाही. शाफ्ट तेलावर तरंगतो. भौतिकशास्त्रवाल्यांना रेनॉल्ड्सचं समीकरण आठवत असेल, तेच इथे रोज रस्त्यावर सोडवलं जातं. थर तुटला तर दीड लाख फेऱ्यांना घासण्यासाठी काही सेकंद पुरतात.

म्हणून टर्बोची काळजी म्हणजे तीन गोष्टींची काळजी: ऑइल, हवा आणि उष्णता. टर्बोला स्वतःला आपण जवळजवळ काहीच करत नाही.

ऑइल: किलोमीटर मोजायचे की तास?

ऑइल बदलायचं ते मॅन्युअलमधल्या किलोमीटरवर, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ऑइलला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतं ते किती तास तापलं, त्यात किती काजळी मिसळली, किती डिझेल उतरलं. समजा बदलाचं अंतर १५,००० किलोमीटर आहे. धुळ्याहून जळगावला हायवेने सरासरी ६० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीचे ते २५० तास. पण देवपुरातून निघून शहराच्या गर्दीतून अवधान एमआयडीसीत जाणाऱ्या गाडीची सरासरी २० धरली, तर त्याच १५,००० किलोमीटरचे ७५० तास होतात. कागदावर दोन्ही गाड्या सारख्याच, ऑइलच्या दृष्टीने एक दुसरीपेक्षा तिप्पट म्हातारी. मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा ‘कठीण परिस्थिती’ म्हणून एक वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो: धूळ, जड ओझं, सतत छोटे फेरे, जास्त वेळ उभ्याने चालू ठेवणं. खानदेशातल्या रोजच्या गाडीने तो तक्ता आपल्यासाठीच छापलाय असं समजावं.

छोट्या फेऱ्यांचा आणखी एक त्रास आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सर्रास आला. त्यात साठलेली काजळी अधूनमधून ५५०-६०० अंशांच्या आसपास जाळावी लागते. त्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतो, म्हणजे धूर तापतो. हे काम दहा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. आठ-दहा किलोमीटरचा प्रवास असेल तर काम अर्धवट असतानाच आपण किल्ली काढतो. उद्या पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशा गाडीत डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसते. ‘आमची गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय’ म्हणून कुणी खूश झालं असेल तर त्याला ताबडतोब ऑइल बदलायला सांगा. आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास हायवेवर एका वेगाने चालू द्या. देवपूरवाल्याने रविवारी पारोळ्यापर्यंत जाऊन यावं, एवढं साधं आहे.

ज्या गाड्यांच्या टर्बोत पाती कोन बदलणारी असतात, त्यांनाही असा प्रवास मानवतो. नेहमी मंद चालणाऱ्या गाडीत त्या पात्यांच्या सांध्यात काजळी बसते आणि ती अडकतात. मग टर्बो फिरतोय तर नीट, पण गाडी कधी उठते, कधी नाही. इथेही टर्बो ‘गेलेला’ नसतो.

ऑइल कोणतं? डब्यावरचा ग्रेड आकडा आणि मॅन्युअलने मागितलेला दर्जा, दोन्ही जुळले पाहिजेत. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख करणारं ऑइल लागतं, कारण काजळी जळून जाते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. ‘उन्हाळा आहे, जाड ऑइल टाक’ हा सल्ला आपल्याकडे फार मिळतो. १५डब्ल्यू-४० मधला ‘४०’ हा १०० अंश सेल्सिअसला ठरलेला आहे (१२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स), बाहेरच्या तापमानाला नाही. बाहेर ४५ असो की धुळ्याच्या जानेवारीत ६, गरम झालेल्या इंजिनात ऑइल साधारण त्याच पट्ट्यात काम करतं. फरक पडतो तो सुरुवातीला. थंडीत सकाळी घट्ट झालेलं ऑइल टर्बोपर्यंत पोचायला जरा वेळ घेतं, तेव्हा चालू केल्या केल्या रेस द्यायची नाही. अर्धा मिनिट थांबून हळू निघायचं. पहाटे पाच वाजता गल्लीत गाडी ‘गरम’ करायला भर्रर्र करणारे टर्बोचं आणि शेजाऱ्यांचं, दोघांचंही नुकसान करतात.

बंद करण्याआधी एक मिनिट

हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो बरोबर आहे का? कशामुळे बरोबर आहे ते कळलं की कधी चुकतो तेही कळतं.

जोरात आलेल्या गाडीची किल्ली काढली की ऑइल पंप थांबतो, पण शाफ्ट क्षणभर फिरत राहतो. शिवाय लाल झालेल्या कास्टिंगमधली उष्णता मधल्या भागात सरकते आणि तिथे उभं राहिलेलं ऑइल भाजतं. तव्याला चिकटलेल्या करपलेल्या तेलासारखा कडक थर होतो. असे थर साठत जाऊन ऑइलची बारीक वाट अरुंद होते. मिनिट-दोन मिनिटं इंजिन संथ चालू ठेवलं तर धूर थंड होतो, ऑइल फिरत राहतं आणि उष्णता घेऊन जातं.

आता रस्ता डोळ्यासमोर आणा. धुळ्याहून येऊन जळगावात अजिंठा चौफुलीपलीकडे उतरणारा माणूस शेवटची काही किलोमीटर गर्दीत रांगत जातो. त्याचा टर्बो तिथेच थंड झालेला असतो, दारात वेगळं थांबायची गरज नाही. पण आपल्या विद्यापीठात येणारा? गिरणेच्या अलीकडे, बांभोरीजवळ, हायवेवरून थेट गेटमध्ये. पाच मिनिटांपूर्वी ८० च्या वेगात असलेली गाडी पार्किंगमध्ये बंद. त्याने एक मिनिट थांबलं पाहिजे. हायवेवरच्या ढाब्यावर थांबणाऱ्यानेही. आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर गेल्या गेल्या चहाला थांबणाऱ्याने तर नक्कीच.

नियम ‘एक मिनिट थांबा’ असा नाहीये. नियम ‘टर्बो थंड करून मग बंद करा’ असा आहे. पहिला पाठ करता येतो, दुसरा वापरता येतो. उलट, मित्राची वाट बघत वीस मिनिटं गाडी चालू ठेवणं टर्बोला बरं नाही. संथ इंजिनात धूर थंड, काजळी जास्त, ऑइलमध्ये घाण जास्त.

उष्णतेचं आणखी एक गणित, कारण हे फक्त खानदेशात राहणाऱ्यालाच जाणवतं. हवा दाबली की तापते. दाब दुप्पट आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर आत येणाऱ्या हवेचं तापमान केल्विनमध्ये घेऊन साधारण १.३१ ने गुणायचं. बाहेर २५ अंश असताना टर्बोतून बाहेर पडणारी हवा ११८ अंश. बाहेर ४५ असताना १४४. वीस अंशांची वाढ सव्वीस होऊन बाहेर पडली. त्यात ४५ अंशांची हवा २५ पेक्षा सुमारे ६ टक्के विरळ, म्हणजे तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. ही गरम हवा थंड करायचं काम इंटरकुलरचं. मे महिन्यात इंटरकुलरच्या पुढे चिखल, किडे, कापसाचे धागे चिकटलेले असतील तर त्याचा भार कुणावर जाणार? पाण्याच्या हलक्या धारेने तो धुणं हे वर्षातलं सगळ्यात स्वस्त टर्बो-रक्षण आहे. प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका, पत्रे वाकतात.

धूळ

फागणे ते तरसोद टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम बरीच वर्षं चाललं. त्या काळात ज्यांनी रोज ये-जा केली त्यांना धूळ म्हणजे काय ते सांगायला नको. पण धूळ इंजिनात किती जाते, याचा अंदाज कागदावर काढता येतो, आणि असे अंदाज काढायची सवय संशोधनात फार उपयोगी पडते.

२.५ लिटरचं इंजिन, २,००० फेरे. चार स्ट्रोक असल्यामुळे मिनिटाला १,००० वेळा श्वास, म्हणजे २,५०० लिटर. टर्बोमुळे त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त धरली तर मिनिटाला ४ घनमीटर, तासाला २४० घनमीटर हवा. समजा हवेत घनमीटरला १ मिलिग्रॅम धूळ आहे आणि गाडी वर्षात ६०० तास चालते. वर्षाला फिल्टरपाशी आलेली धूळ: १४४ ग्रॅम. फिल्टर ९९.५ टक्के अडवत असेल तर आत गेली ०.७२ ग्रॅम. आता फिल्टर तोच ठेवा, पण फिल्टर आणि टर्बो यांमधल्या रबरी पाइपाची क्लिप सैल आहे आणि ५ टक्के हवा तिथून शिरतेय असं माना. आत गेलेली धूळ जवळजवळ ८ ग्रॅम होते, सुमारे अकरा पट. एक मिलिग्रॅमचं माझं गृहीतक चुकीचं असलं तरी हे अकरा पट बदलत नाही, कारण गुणोत्तर काढताना ते वर-खाली कटतं. अंदाज करताना असं काहीतरी शोधायचं जे आपल्या गृहीतकावर अवलंबून नसेल.

म्हणजे महागडा फिल्टर घेण्याआधी ती साधी क्लिप आवळा. तपासायची सोपी पद्धत: फिल्टरच्या पुढचा, स्वच्छ बाजूचा पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर फिल्टर बसवण्यात किंवा पाइपात फट आहे.

फिल्टरबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट. कागदी फिल्टर अगदी नवा असताना थोडी *जास्त* धूळ सोडतो. वापरात आल्यावर कागदावर धुळीचाच एक थर बसतो आणि तो थर पुढची धूळ अडवतो. दर रविवारी फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारणारा माणूस हा थर उडवतो, कागदाला बारीक भोकं पाडतो आणि प्रत्येक वेळी सील नीट न बसण्याची एक संधी निर्माण करतो. त्याच्या मनात तो काळजी घेतोय. अर्थात पूर्ण तुंबलेला फिल्टरही वाईटच; हवा ओढताना टर्बोच्या तोंडाशी इतका कमी दाब होतो की आतलं ऑइल त्या बाजूला ओढलं जातं. मॅन्युअलप्रमाणे बदला, धुळीच्या रस्त्यावर त्याआधी बदला, पण उगाच उघडू नका.

फिल्टरची चाचणी जगभर ठरावीक धुळीने होते, तिचं प्रमाण आयएसओ १२१०३-१ मध्ये दिलंय. ती मुळात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या धुळीवरून आली, सिलिकाने भरलेली. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टमधून तयार झाली, तिच्यात स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजं भरपूर. कण बारीक, पाणी धरणारे, पापुद्र्यासारखे. प्रयोगशाळेतली धूळ आणि पारोळ्याच्या शिवारातली धूळ एक नाही, हे लक्षात ठेवून फिल्टरवरचे आकडे वाचायचे. (तसाच प्रकार मायलेजचा. गाड्यांच्या चाचणीचं जे भारतीय चक्र आहे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, त्याचंही लघुरूप एमआयडीसीच होतं. ते ११८० सेकंदांचं, जास्तीत जास्त वेग ताशी ९०. आपल्या एमआयडीसीच्या रस्त्याशी त्याचं नाव सोडून फारसं साम्य नाही.)

मेलेल्या टर्बोचं शवविच्छेदन

ओळखीतल्या एका कुटुंबाच्या पिकअपचा टर्बो गेला. निळा धूर, शिट्टीसारखा आवाज, ताकद नाही. गॅरेजवाल्याने नवा बसवला. दोन महिन्यांत तोही गेला. निष्कर्ष निघाला: ‘डुप्लिकेट माल होता.’ भांडण झालं, तिसरा बसवायची तयारी झाली. मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टर्बोला हात न लावता आधी ऑइल आणणारी बारीक नळी काढली आणि तिच्यातून तार घालून बघितली. आत करपलेल्या ऑइलचा थर होता, तार जेमतेम जात होती. नळीची किंमत टर्बोपुढे काहीच नाही. त्या नळीने दोन टर्बो उपाशी मारले होते.

त्या मिस्त्रींकडे संशोधनाची पदवी नाही, पण त्यांनी केलं ते संशोधनच. ‘माल डुप्लिकेट’ आणि ‘ऑइल पोचत नाही’ हे दोन्ही अंदाज दोन्ही टर्बो का गेले ते सांगतात. मग असा पुरावा शोधायचा जो एका अंदाजात दिसेल आणि दुसऱ्यात दिसणार नाही.

टर्बो स्वतःच असा पुरावा ठेवून जातो. ऑइल कमी पडलं असेल तर शाफ्ट बेअरिंगच्या जागी निळसर-काळा पडतो, बुशचं पितळ त्याला चिकटलेलं दिसतं. ऑइल पोचलं पण घाणेरडं होतं तर शाफ्टवर गोल ओरखडे. धूळ गेली असेल तर हवेच्या बाजूच्या पात्यांच्या कडा झिजून गोलसर झालेल्या. नटबोल्ट किंवा कापडाचा तुकडा गेला असेल तर पाती मोडलेली, वाकलेली. आणि धुराच्या बाजूची पाती ठोकरलेली असतील तर इंजिनातूनच काहीतरी तुटून आलंय, तिकडे बघायला हवं. म्हणून जुना टर्बो एक्स्चेंजमध्ये देऊन टाकण्याआधी उघडून दाखवायला सांगा, निदान मोबाइलवर फोटो काढा. तो दिला की पुरावा गेला.

दोन खोटे पुरावेही माहीत असू द्या. पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवतात आणि ‘बघा, प्ले आलाय’ म्हणतात. बुश तरंगते असल्यामुळे इंजिन बंद असताना शाफ्ट वर-खाली थोडा हलणारच, नवा असला तरी. चक्र बाजूच्या कास्टिंगला टेकत असेल, किंवा शाफ्ट आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल, तर काळजीचं. दुसरं, इंटरकुलरच्या पाइपात तेलकट ओल दिसली की टर्बोवर आळ येतो. इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा हवेच्या पाइपात सोडलेली असते, तिच्याबरोबर थोडं ऑइल येतंच. ओल चालते, साचलेलं ऑइल चालत नाही.

आणि साचलेलं असलं तरी टर्बोच दोषी असं नाही. टर्बोच्या दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात, रबरी सील नाही. ऑइल खाली ऑइल पॅनमध्ये सहज उतरतंय तोवर त्या पुरतात. परतीची नळी तुंबली, किंवा इंजिनाचे रिंग झिजून पोटात दाब वाढला, की ऑइलला खाली जायला वाट मिळत नाही आणि ते कड्यांतून बाहेर येतं. अशा इंजिनावर कितीही नवे टर्बो बसवा, सगळे ‘गळके’ निघतील.

नवा टर्बो बसवताना एवढं बघा: ऑइलची नळी शक्यतो नवी, ऑइल आणि फिल्टर बदललेले, इंटरकुलर आणि पाइप धुतलेले, कारण जुन्या टर्बोचे धातूचे कण तिथेच बसलेले असतात, नळीच्या जोडावर गॅस्केटची पेस्ट नाही (जादा पेस्ट आत सरकून वाट बंद करते), आणि चालू करण्याआधी टर्बोत स्वच्छ ऑइल ओतलेलं.

‘नव्वद टक्के टर्बो ऑइलमुळे जातात’ हे वाक्य तुम्हाला जिथे तिथे भेटेल. संशोधक म्हणून विचारा: कशाचे नव्वद टक्के? कुणी उघडून पाहिले, कोणत्या गाड्यांचे, ‘ऑइलमुळे’ मध्ये काय काय धरलं? तसंच गॅरेजमधलं ‘मे महिन्यात टर्बो जास्त जातात’. मेमध्ये ऊन असतं, धूळ असते, आणि लग्नसराईही असते. वऱ्हाड भरून गाड्या दुप्पट पळतात. दर हजार किलोमीटरमागे किती गेले ते काढल्याशिवाय उन्हाला शिक्षा करता येत नाही. शिवाय गॅरेजमध्ये येणं हीच एक चाळणी आहे. वॉरंटीतली गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते, न बिघडलेली कुठेच जात नाही. रुग्णालयातल्या नोंदींवरून आजारांचे संबंध काढताना अशी चाळणी खोटे संबंध निर्माण करते, हे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवलं. रुग्णालयाच्या जागी गॅरेज ठेवा, मुद्दा तोच.

एक धोक्याची गोष्ट मात्र शंका न घेता पाठ करून ठेवा. टर्बोतून खूप ऑइल इंजिनात जायला लागलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळू लागतं. किल्ली काढली तरी थांबत नाही, फेरे वाढत जातात, पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट येतो. गिअरची गाडी असेल तर सगळ्यात वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून इंजिन दाबून बंद करायचा प्रयत्न करतात. जमलं नाही तर सगळ्यांना उतरवून लांब जायचं. हवेच्या पाइपावर हात ठेवायला जाऊ नका. इंजिन फुटून तुकडे उडू शकतात. निळा धूर आणि कमी होणारं ऑइल दिसत असताना ‘पगार झाल्यावर बघू’ म्हणून चार जणांना घेऊन हायवेला लागणं म्हणूनच बरं नाही.

शेवटी एक छोटा प्रकल्प, एमएस्सीच्या मुलांना जमेल असा. एकाच मॉडेलच्या, एकाच मार्गावर रोज जाणाऱ्या दोन-तीन पिकअप शोधा. प्रत्येकीचा नवा एअर फिल्टर बसवण्याआधी आणि ठरलेल्या किलोमीटरनंतर प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोला, एकदा मेमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये. किलोमीटरबरोबर इंजिनाचे तासही लिहा. आणि प्रत्येक वेळी वजन करण्याआधी फिल्टर एकाच तापमानाला, एकाच आर्द्रतेला निदान एक दिवस ठेवा. कागद पाणी धरतो, त्यावरची काळी माती तर आणखी धरते, आणि ऑगस्टच्या वजनात धुळीपेक्षा पावसाचंच वजन जास्त भरू शकतं.